खार, ससा, होला : ओझार्कमधल्या एका हंगामाच्या स्वयंपाकनोंदी

२ सप्टेंबर २०२३, शनिवार

होल्यांचा हंगाम काल उघडला. इथे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, ओझार्कच्या डोंगराळ भागात, तारीख ठरलेली, १ सप्टेंबर, आणि एका शिकाऱ्याला दिवसाला १५ होले. सकाळीच शेजारचे आजोबा पिशवी घेऊन दारात उभे. पिशवीवर चिठ्ठी: त्यांचं नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक, पक्षी कोणता, कधी मारला. शिकार दुसऱ्याच्या घरी गेली की ही चिठ्ठी सोबत लागते. द्यायचं ते फुकट. असलं मांस विकता येत नाही.

काम असं ठरलंय. आजोबा सत्तरी ओलांडूनही रानात जातात, पण आजींच्या बोटांना संधिवात. कापणं, सोलणं, शिजवणं आता त्यांच्याने होत नाही आणि फ्रीजर भरून वाहतोय. तेव्हा त्यांनी आणायचं, मी शिजवायचं, निम्मा डबा त्यांच्याकडे परत. माझा नवरा शाकाहारी. त्याची अट एकच: मिक्सरचं भांडं वेगळं हवं. हंगामभरात या वहीत मला तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत: जनावर कोवळं की जून हे कसं ओळखायचं, त्यावरून किती वेळ शिजवायचं, आणि आपला मसाला कुठे थांबवायचा.

महाराष्ट्रात बसून कुणी हे वाचत असेल तर आधीच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि त्यात रानससा, तितर, खार सगळं आलं. तिकडे या नोंदी गावठी कोंबड्यावर वापरा. बहुतेक सगळं तसंच्या तसं लागू पडतं.

आज फक्त साफसफाई. श्रावण चालू आहे. चव बघणं गणपतीनंतर.

३० सप्टेंबर, शनिवार

होले केले. (पितृपक्ष लागलाय, पण तो मी पाळत नाही. सगळंच पाळायचं म्हटलं तर पंचांग आणि शिकारीचा हंगाम यांचा मेळच बसणार नाही.)

होल्यात खाण्यासारखी छातीच, दोन लहान तुकडे. मांस गडद लाल, कोंबडीच्या छातीसारखं पांढरं नाही, कारण हा पक्षी लांब पल्ल्याचं उडतो. आधी बोटांनी चाचपून छर्रे काढायचे. आजोबांनी दाखवलेली खूण उपयोगी: छर्रा आत शिरताना पिसांचा बारीक पुंजका सोबत ओढून नेतो, त्यामुळे मांसात पीस दिसलं की छर्रा त्याच्याच पुढे असतो. दाताखाली आला तर दात जायचा, आणि शिसं पोटात जायचं ते वेगळंच.

बिडाचा तवा कडकडीत तापवला. तूप, ठेचलेला लसूण, मीठ, भरड मिरी. दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच मिनिटं. सरकारी सल्ला सगळ्या पक्ष्यांना सारखाच: आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस. इथले शिकारी मात्र होला आतून गुलाबी असतानाच उतरवतात. मी निम्मे असे, निम्मे तसे केले. पूर्ण शिजलेल्यांना काळजासारखी चव आली आणि ते चिवट झाले. गुलाबी चांगले लागले. तरी आजींच्या डब्यात पूर्ण शिजलेलेच पाठवले, त्यांच्या वयाला जोखीम नको.

रस्सा होल्याचा करू नये. एवढ्याशा मांसाचा त्यात पत्ताही लागत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या घटस्थापना. दसऱ्यापर्यंत भांडी बंद, वाचन चालू.

खारीच्या पदार्थांत अमेरिकेत सगळ्यात नावाजलेला ब्रन्सविक स्ट्यू. व्हर्जिनियातल्या ब्रन्सविक परगण्याचे लोक सांगतात की १८२८ मध्ये डॉ. क्रीड हॅस्किन्स यांच्या शिकारी मंडळींसाठी जिमी मॅथ्यूज या काळ्या स्वयंपाक्याने खारी, लोणी, कांदा आणि शिळा पाव एका हंड्यात तासन् तास शिजवून तो पहिल्यांदा केला. जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावाला हे मान्य नाही. त्यांनी १८९८ साल कोरलेला एक हंडाच पुरावा म्हणून मांडून ठेवलाय. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि गंमत अशी की दोन्हीकडे आता त्यात सहसा खार नसतेच. टोमॅटो, मका, लायमा बीन्स हे सगळं नंतर आलं. मला मूळची कृती जास्त पटते: जून मांस, पाणी, वेळ, आणि दाटपणासाठी पाव.

दुसरी नोंद मेंदूबद्दल. केंटकीच्या काही भागांत खारीचं डोकं आख्खं शिजवून मेंदू अंड्यात परतून खायची रीत होती. १९९७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाचे पाच रुग्ण त्यांना आढळले आणि पाचही जणांनी खारीचा मेंदू खाल्लेला होता. रोग खारीतूनच आला असं पुढे सिद्ध झालेलं नाही. तरी डोकं आमच्या पातेल्यात जाणार नाही. आजोबांना विचारलं तर ते हसले. त्यांच्या आईच्या हातचा तो आवडता पदार्थ होता म्हणे.

४ नोव्हेंबर, शनिवार

खारी आल्या. मिझुरीत खारींचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारीच सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो, दिवसाला १० ची मर्यादा. पण आजोबा उन्हाळ्याच्या शेवटी खारीला हात लावत नाहीत. त्या दिवसांत एका माशीच्या अळ्या कातडीखाली वाढतात आणि अंगावर गाठी दिसतात. अळी कातडीबरोबर निघून जाते, मांस बिघडत नाही, पण बघवत नाही. कडक थंडी पडून गेली की हा प्रश्न सुटतो. शिवाय तोवर हिकरी (अक्रोडाच्या कुळातलं झाड) आणि ओकची फळं खाऊन जनावर भरलेलं असतं.

‘खार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पाठीवर पट्टे असलेली, शंभरेक ग्रॅमची खारूताई येते. ही ती नव्हे. इथे दोन जाती. करडी खार साधारण अर्धा किलोची. दुसरी तांबूस पोटाची, इंग्रजी नावातच कोल्हा असलेली, ती किलोच्या जवळपास जाते. आपल्या शेकरूपेक्षा लहान, पण त्या वळणाची. एका करडीत एका माणसाचं जेवण, एवढं प्रमाण धरायचं.

सोलण्याची रीत. आधी खार पाण्यात बुचकळून ओली करायची. कोरडी सोलली तर केस मांसाला चिकटतात, आणि मग ते एकेक वेचत बसा. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने हाड तोडायचं, पण वरची कातडी तशीच ठेवायची. शेपटीवर बूट रोवून मागचे पाय धरून वर ओढायचं. कातडी पुढच्या पायांपर्यंत एकसंध निघते. उरलेली मागच्या बाजूने बोटं घालून उतरवायची. आजोबांना एका खारीला मिनिटभरही लागत नाही. मला लागतो, आणि त्यात हातमोजे.

पुढच्या पायांच्या बगलेत आणि कमरेपाशी मेणासारख्या बारीक गाठी असतात, त्या सुरीच्या टोकाने काढून टाकायच्या. राहिल्या तर रस्स्याला उग्र वास येतो. नंतर पाच तुकडे: दोन मागच्या तंगड्या, दोन पुढच्या, आणि पाठ. फासळ्या खाण्यालायक नाहीत, त्या रस्स्यासाठी वेगळ्या ठेवायच्या. तुकडे मिठाच्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये.

वय ओळखणं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कान दोन बोटांत धरून ओढला आणि सहज फाटला तर कोवळी. जुनाट खारीचा कान चामड्यासारखा चिवट. नखं बोथट, दात पिवळे, नराच्या वृषणांवर केस उरलेले नाहीत, मादीची स्तनाग्रं काळपट: सगळ्या जूनपणाच्या खुणा. आणि सोलतानाच हाताला कळतं, कारण जून खार कातडी सोडत नाही. मी आता प्रत्येक पिशवीवर जातीच्या आधी ‘को’ किंवा ‘जू’ लिहिते. करडी की तांबूस यावरून पातेल्यात काही फरक पडत नाही. कोवळी की जून यावरून सगळाच पडतो.

शेपट्या फेकल्या नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावातली मेप्स कंपनी खारींच्या शेपट्या विकत घेते, मासे धरायच्या गळांना त्यांच्या केसांचा झुबका बांधायला. बुंध्याला भरपूर मीठ चोळून सुकवायच्या. आजोबांच्या गॅरेजमध्ये एक खोकं भरत आलंय.

५ नोव्हेंबर, रविवार

‘को’च्या पिशव्या. आजी खुर्चीत, मी त्यांच्या शेगडीपाशी.

तुकडे रात्रभर बटरमिल्कमध्ये होते. हे आपल्या ताकापेक्षा बरंच दाट, ओतलं तर धार पडत नाही. निथळून मीठ-मिरी घातलेल्या मैद्यात घोळवायचे. बिडाच्या कढईत बोटभर चरबी तापवून सगळीकडून तांबूस करायचे. इथवर सोपं. पुढची पायरी मला नवीन होती: जास्तीची चरबी काढून घ्यायची, वाटीभर पाणी घालायचं, झाकण लावून अगदी मंद आचेवर पाऊण तास. शेवटी झाकण काढून पुन्हा कुरकुरीत करायचे. म्हणजे तळणं आणि वाफवणं एकाच भांड्यात. कोवळी झाली तरी खार आयुष्यभर झाडावर चढलेली असते, नुसत्या तळण्याने ती मऊ होत नाही.

कढईच्या बुडाशी जो खरपूस थर राहिला त्यात चमचाभर मैदा भाजून दूध ओतलं, भरपूर मिरी घातली. झाली पांढरी ग्रेव्ही. सोबत आजींच्या सुनेने आणलेले गरम बिस्किट, म्हणजे खारट, पापुद्र्यांचे छोटे पाव.

चव? कोंबडीची नाही, सशाचीही नाही. गावठी कोंबड्याच्या तंगडीच्या जवळची, पण मागून किंचित गोडसर, सुक्यामेव्याची. हिकरीवर पोसलेल्या जनावराचं मांस असं लागतं, असं आजोबांचं म्हणणं. पाइनच्या जंगलातली खार राळेसारखी लागते, हेही तेच म्हणाले. तिखट घालायची इच्छा झाली नाही, आणि हे मी सांगलीची असून लिहितेय.

१२ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. काही नाही. शेजारी चकल्या दिल्या.

१८ नोव्हेंबर, शनिवार

‘जू’च्या पिशव्या, त्यात दोन मोठ्या तांबूस खारी, अगदी म्हाताऱ्या.

आधी दह्याचा प्रयोग. एका खारीला दही, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवलं, दुसरीला नुसतं मीठ. दोन्ही सारख्याच वेळ शिजवल्या. मऊपणात मला काही फरक सापडला नाही. दही किंवा लिंबू वरच्या पातळ थरापलीकडे जात नाही. जून मांसाचा चिवटपणा असतो तो स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेनचा, आणि ते विरघळून रस्स्यात उतरायला पाणी, सत्तर अंशांच्या वरची ऊब आणि वेळ लागतो. घाईवर इलाज नाही.

आईला व्हिडिओ कॉल लावला. आधी तिने कपाळावर हात मारला. “अगं, रामाने पाठीवरनं हात फिरवलेली ती खार, आणि तू तिचं…” मी पातेलं दाखवलं, ही ती नव्हे म्हटलं, आकार दाखवला. मग ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “जून आहे ना? मग मसाल्याच्या मागं कशाला लागलीस? आळणी कर आधी. हळद, मीठ, आलं-लसूण. शिजलं की पाणी पिऊन बघ, तेच सांगेल किती मसाला पेलतंय ते.”

तसंच केलं. चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसणाचं वाटण, हळद, त्यावर मांस. स्वतःचं पाणी सुटून आटेपर्यंत परतलं, मग दीड लिटर गरम पाणी आणि मीठ. फासळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्यातच सोडल्या. झाकण, मंद आच, अडीच तास. एका खारीचे तुकडे कुकरमध्ये केले: दाब आल्यावर ३५ मिनिटं. मांस दोन्हीकडे शिजलं, पण कुकरमधलं हाडापासून इतकं सुटलं की बारीक हाडांचे तुकडे रस्स्यात मिसळले. मुलांच्या ताटात ते नको. घाई असेल तर कुकर चालेल, पण रस्सा गाळून घ्यायचा आणि मांस हाताने निवडायचं.

आळणी पाणी वाटीत घेतलं. वर तेलाचा तवंग जेमतेम, कारण या जनावराला चरबीच नसते. पण अंगाला दाट, थंड झाल्यावर थरथरणारं. मीठ, हळद, आणि तोच मागचा गोडसरपणा. नुसतं प्यावं असं.

१९ नोव्हेंबर, रविवार

कालच्या आळणीचे तीन भाग.

पहिला आजोबांच्या पद्धतीने: मैदा, बेकिंग पावडर आणि दूध यांचे गोळे उकळत्या रस्स्यात सोडून झाकण. आपल्या वरणफळांच्या जातीचा प्रकार. ताटली पुसून संपली.

दुसरा पुरता तांबडा रस्सा: सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला सढळ हाताने. रस्सा म्हणून उत्तम, भाकरी कमी पडली. पण खार कुठे होती? डोळे मिटून दिलं असतं तर मी बोकडाचं म्हणाले असते. इतके दिवस सांभाळलेलं मांस असं पुरून टाकायचं असेल तर दुकानातली कोंबडी स्वस्त पडते.

तिसऱ्यात मसाला एक तृतीयांश, गरम मसाला शून्य, आणि खोबऱ्याच्या जागी कोरडेच भाजलेले पीकन, म्हणजे अक्रोडासारखा इथला सुकामेवा. पीकन हिकरीच्याच कुळातलं, शिवाय त्याच्यात तेल भरपूर, म्हणजे मांसात जी चरबी नाही ती वाटणातून येते. हा भाग जमला. तवंग आला, रंग फिकट विटकरी, आणि खारीची चव जागेवर. वाटण फार बारीक करू नये, रस्सा पिठूळ होतो.

९ डिसेंबर, शनिवार

ससे. हा इथला पांढऱ्या शेपटीचा रानससा. हंगाम १ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, दिवसाला ६. पण आजोबा बर्फ पडेपर्यंत थांबतात, आणि त्याला कारण आहे: ट्युलारेमिया. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्युलेअरी परगण्यात जमिनीवर राहणाऱ्या खारींमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला, त्या परगण्यावरून नाव पडलं. जंतू सशाच्या रक्तातून हातावरच्या बारीक जखमेतूनही शिरतो, गोचीडही पसरवते. देशातल्या रुग्णांचा मोठा वाटा आर्कान्सा, मिझुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा याच पट्ट्यातला. आजारी ससे कडक थंडीत मरून जातात, म्हणून थांबायचं, असा जुना हिशेब.

आमचा नियम: हातमोज्यांशिवाय सशाला स्पर्श नाही, पोट फाडल्यावर पहिलं काळीज (यकृत) बघायचं. त्यावर पांढरे ठिपके दिसले की अख्खा ससा पिशवीत बांधून टाकून द्यायचा, मोह करायचा नाही. फ्रीजरमध्ये हा जंतू मरत नाही. शिजवण्याने मरतो, म्हणून सशात गुलाबी-बिलाबी चालणार नाही, हाडापाशी ७४ अंश. आजचे सगळे स्वच्छ निघाले.

सोलायला ससा खारीच्या अगदी उलट. कातडी इतकी पातळ की चिमटीत धरून ओढली तरी फाटते, सुरीचं कामच नाही.

१० डिसेंबर, रविवार

सशाचं मांस फिकट आणि चरबी जवळजवळ नाहीच. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात नुसत्या सशांवर जगायची वेळ आलेले लोक पोट भरूनही आजारी पडत, कारण प्रथिनं भरपूर पण चरबी नाही. म्हणून याला पांढरा रस्सा. आळणी करून (कोवळ्याला तास-सव्वा तास, जूनला दोन) त्यात काजू, खसखस, तिळाचं वाटण, नारळाचं घट्ट दूध, पांढरी मिरी, वेलची-लवंगेची तुपातली फोडणी. नारळाचं दूध घातल्यावर उकळी नाही, फुटतं.

सशाला हे जमतं, खारीला जमलं नसतं. सशाची स्वतःची चव सौम्य, तिला आधार लागतो. आजींनी डबा परत करताना कृती मागितली.

६ जानेवारी २०२४, शनिवार

आजोबांच्या मित्राने रॅकून आणला, मांजरापेक्षा मोठं, गोंडेदार शेपटीचं इथलं रानजनावर. मिझुरीत रॅकूनचं मांस मात्र विकण्याची चाल आहे, आणि विकताना एक पंजा तसाच ठेवतात, कुत्रं-मांजर नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. हा भेटीदाखल, तरी पंजासकट. बाकी जनावरांत चरबी नाही म्हणून तक्रार. याच्यात चरबीच चरबी, आणि वास सगळा तिच्यातच. ती खरवडून काढली, बगलेतल्या आणि मांड्यांतल्या गाठी काढल्या, पहिलं पाणी फेकून दिलं, रताळ्यांबरोबर भाजलं. खाल्लं. पुन्हा करणार नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. रानात कुणी जात नाही. लाव्यांचा हंगाम आज संपला, आमच्याकडे एकही आला नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

खार आणि ससा, दोन्ही हंगाम परवा बंद झाले. आजींच्या फ्रिजवर चिकटवायला कागद केला, त्याची नक्कल इथे:

जून खारीचा रस्सा, चौघांना. दोन मोठ्या किंवा चार करड्या खारी, पाच-पाच तुकडे, रात्रभर मिठाच्या पाण्यात. तेल दोन चमचे, कांदा एक, आलं-लसूण वाटण दोन चमचे, हळद अर्धा चमचा. परतून दीड लिटर गरम पाणी, मीठ, फासळ्यांची पुरचुंडी. मंद आचेवर अडीच तास, काटा टोचल्यावर मांडीचं मांस सुटेपर्यंत. वेगळ्या तव्यावर पीकन मूठभर, तीळ एक चमचा, अर्धा कांदा खरपूस, जाडसर वाटण. कांदा-लसूण मसाला एक चमचा, जास्त नाही. वाटण रस्स्यात, दहा मिनिटं उकळी. भात किंवा मक्याचा पाव.

मसाला संपला तर काय घालायचं, असं आजींनी विचारलं. मिरी आणि थोडी लाल मिरचीची पूड, असं कागदाच्या तळाशी लिहून दिलं. सांगलीहून पुढचं पार्सल एप्रिलमध्ये येईल.

फ्रीजरमध्ये अजून ‘जू’च्या चार पिशव्या आहेत, आजोबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. त्या उन्हाळ्याआधी संपवायच्या. ‘को’ एकही उरली नाही. २५ मेला हंगाम पुन्हा उघडेल, तेव्हा फेब्रुवारी-मार्चात जन्मलेली पिल्लं मोठी झालेली असतील आणि आजोबांच्या कुंपणालगतच्या तुतीवर उतरतील. तुती खाल्लेली खार कशी लागते ते तेव्हा बघायचंय.